चरवी आणि चरबी

भोरच्या बाजारात माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. आम्ही कासार, धंदाही तोच. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतून तांब्याचे हंडे, बंब, घंगाळी यायची. पण खरा खप पितळेचा: चरवी, तपेली, गडू, डबे आणि तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं बोंडलं. लग्नसराईत गुंजण मावळातली माणसं बैलगाड्या जुंपून रुखवताची भांडी न्यायला येत. मुलीबरोबर चरवी गेली नाही तर सासरचे बोलणार, हे ठरलेलं.

पावसाळा सरला की कल्हईवाला गल्लीत बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची काडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते झरझर पसरायचं. पिवळं भांडं आतून पांढरंशुभ्र. आमच्याकडे पोरंसुद्धा जाणत की कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं तर कळकतं. चव बिघडते, वर हिरवट झाक येते, खाल्लं तर पोटात ढवळतं. म्हणून कल्हईला पैसे काढायचे तर आधी आमटीचं पातेलं आणि ताकाचं भांडं. दुधाची चरवी मागे राही. दूध गोड, ते कळकत नाही. निदान जिभेला तरी कळत नाही. लहान मुलांच्या एका आजाराचा सगळा इतिहास या 'निदान जिभेला तरी'मध्ये आहे. मी तो दोन्हीकडून पाहिला, दुकानाच्या गल्ल्यावरून आणि पुढे नर्स म्हणून पाळण्याशेजारून.

१९८१ साली माझी नेमणूक वेल्हे तालुक्यात झाली. आता तो राजगड तालुका आहे, पण तोंडात वेल्हंच बसलंय. मार्गासनीला एसटीतून उतरायचं, साखरवरून गुंजवण्याकडे चालत सुटायचं. खांद्याला लशींची पेटी, पिशवीत वजनाचा हुकाचा काटा. गुंजवणे म्हणजे राजगडाचा पायथा. आज शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या इथे दाटीवाटीने उभ्या असतात आणि चोर दरवाजाच्या उभ्या वाटेने माणसांची माळ पद्मावती माचीकडे चढत असते. तेव्हा गडकरी मोजके. गावाचा जीव भातावर, नाचणीवर आणि दुभत्यावर. १९४८पर्यंत हा मुलूख भोर संस्थानात होता. पंतसचिवांचं राज्य गेलं, तरी लग्नाचा बस्ता आणि भांडी घ्यायला म्हातारी माणसं भोरचीच वाट धरत. त्यामुळे खोऱ्यातल्या कितीतरी चुलींशी ठेवलेली चरवी मला ओळखीची वाटे. तिच्या काठावरची नावं आमच्याच दुकानात ठोकलेली.

दुखणं यायचं ते सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाला. आधी नुसती चिडचिड. रात्रभर रडणं, अंग कोमट, भूक गेलेली, पोट मात्र पुढे. आई म्हणायची, दात येतायत. आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासायची रीत हातात बसवली होती. बोटं उजवीकडे खाली ठेवायची आणि हळूहळू बरगडीकडे सरकायचं. घाईने बरगडीपाशीच दाबलं तर वाढलेल्या काळजाची, म्हणजे यकृताची, कड खालीच राहून जाते आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. या मुलांत ती कड बेंबीपर्यंत लागायची, कडक आणि पानाच्या काठासारखी धारदार. डोळे पिवळे झाले आणि पोटात पाणी धरलं, की बहुतेक मुलं वर्षाच्या आत जात. 'लिव्हर झालं' एवढंच लोक म्हणत. पहिलं मूल गेलेल्या घरात दुसऱ्याचं पोट वाढलेलं दिसलं, की ती आई बोटांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

आणि हा आजार बऱ्या घरचा. दोन म्हशी दारात, मूल नवसाचं, पहिला मुलगा. मुलग्यांत तो जास्त आढळतो हे डॉक्टरांनीही नोंदवलंय. त्याचं शास्त्रीय कारण काहीही असो, दुधाची वाटी आधी कुणापुढे सरकते हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. ओढ्यापलीकडच्या कातकरी झोपड्यांत मी गोवर पाहिला, हगवण पाहिली, हाडं मोजता येतील अशी पोरं पाहिली. हे दुखणं तिथे मला भेटलं नाही. तिथे म्हैस नव्हती, चरवी नव्हती. मूल दोन-अडीच वर्षं आईच्या अंगावर, आणि भांडं असलंच तर जर्मलचं.

कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या आजाराचं वर्णन १८८७ साली केलं. चार वर्षांनी तिथल्याच गिबन्स यांनी त्यावर लिहिलं. इंग्रजीत त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' असं नाव पडलं, म्हणजे देशाचं नावच रोगाला चिकटलं. पुढची नव्वद वर्षं कारणांचे नुसते तर्क चालले: आईचं दूध जड, आहार निकृष्ट, कुठलातरी विषाणू, नात्यातली लग्नं. मद्रासचं जम्मींचं 'लिव्हर क्युअर' याच आजारासाठी नावाजलेलं होतं. आमच्या खोऱ्यात अंगारा, डाग देणं आणि काविळीची झाडपाल्याची औषधं चालत. पोटावर डागांच्या खुणा असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याबद्दल आणखी लिहवत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. बोस्टनच्या मॅलरी यांनी १९११ साली दारुड्यांच्या यकृतात काचेसारखे चकाकणारे गोळे दाखवले होते. तसेच गोळे या दोन वर्षांच्या मुलांच्या यकृतात भरलेले. थेंबभर दारू न शिवलेल्या बाळाचं काळीज तपासणाऱ्याला अट्टल पिणाऱ्याचं वाटावं!

उलगडा झाला तो पुणे आणि लंडन यांच्यामध्ये. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे ही मुलं तपासत होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात स्टुअर्ट टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचा रंग दिला, तेव्हा पेशींत गडद तपकिरी कण उमटले. हे कण तांब्याला धरून राहणाऱ्या प्रथिनाचे. १९७८ साली ते छापून आलं. १९७९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रत्यक्ष मोजमाप आलं. त्यात पंडितांचंही नाव होतं. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, या मुलांत ते कित्येक शेकड्यांत होतं. तांबं कुठून आलं, याचं उत्तर १९८३च्या लेखात होतं आणि ते प्रयोगशाळेतून नव्हे, स्वयंपाकघरातून आलेलं. आजारी मुलांना वरचं दूध निरोगी मुलांपेक्षा लवकर सुरू झालेलं, आणि ते दूध पितळेत किंवा तांब्यात तापवलेलं, तिथेच ठेवलेलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं ओढून घेतं आणि घट्ट धरून ठेवतं. पाण्यात तेवढं उतरत नाही. ताकासारखं ते कळकतही नाही, म्हणून जिभेला पत्ता लागत नाही. तान्ह्या बाळाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकण्याइतकं तयार नसतं; ते साठत जातं.

हे सगळ्या डॉक्टरांना पटलं असं नाही. पितळेचा संबंध न सापडलेली मुलंही होती, त्यावर बरीच वर्षं वाद झाले. आम्हाला वाद करायची चैन नव्हती. पेनिसिलामीन या औषधाने तांबं लघवीवाटे बाहेर काढता येतं, पण आजार लवकर हाती लागला तरच. कावीळ आणि पोटात पाणी झाल्यावर फारसा उपयोग नाही. म्हणजे सगळा भरवसा दोन गोष्टींवर: माझ्या बोटांवर, आणि चुलीशेजारच्या भांड्यावर.

आमचं सांगणं सोपं होतं. पहिले काही महिने अंगावरचंच पाजा. वरचं दूध द्यावंच लागलं तर पितळेत तापवू नका, ठेवू नका. चरवी मोडू नका, पाण्याला वापरा. ऐकणाऱ्या बाया हसायच्या. "आवं बाई, माज्या सासूच्या सासूनं ह्याच चरवीत दूध तापावलं. तवा कुनाला न्हाई झालं ते?" प्रश्न बरोबर होता. कुणाला झालं आणि कोणतं मूल काय होऊन गेलं, हे तेव्हा लिहून कोण ठेवत होतं, असं मी म्हणायची. पण ते अर्धंच उत्तर. उरलेलं बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही ऑस्ट्रियातून. तिथल्या टिरोल या डोंगरी भागात १९०० ते १९७४ या काळात अगदी हाच आजार होऊन १३८ मुलं गेल्याचं १९९६ साली प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध, तिथेही तांब्याची भांडी, आणि आजार काही ठरावीक कुटुंबांतच. म्हणजे तांबं हवं आणि ते न सोसणारा वारसाही हवा. भांडी बदलली आणि आजार गेला. आल्प्समधल्या त्या बायकांनाही कुणीतरी सासूच्या सासूबद्दल सुनावलं असणार.

घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते भडकले. "पितळेतलं खाऊन मावळे राजगड चढले," म्हणाले. त्या रात्री जेवलेसुद्धा नाहीत. पण गल्ल्यावर बसणारा माणूस वारा ओळखतो. दोनेक वर्षांत दुकानात पुढच्या फळीवर स्टील आलं आणि पितळ माळ्यावर गेलं. स्टीलला कल्हई नको, चिंच-राख लावून घासायला नको. घडणावळीतही काही सुटत नाही, अशी त्यांची कुरकुर मात्र शेवटपर्यंत होती.

माझ्या मते हा आजार घालवण्याचं निम्मं श्रेय बोहारणीचं आहे. जुन्या साड्या, विटलेली धोतरं घेऊन ती स्टीलचं पातेलं द्यायची. आमची भाषणं ऐकून एका आळीत दोन चरव्या बाजूला होत, बोहारीण दुपारच्या एका फेरीत आळीच बदलून जायची. पितळेला मोडीचा भावही बरा येत होता. शीला भावे, आनंद पंडित, टॅनर आणि सहकाऱ्यांनी आजाराच्या प्रतिबंधावर १९९२ साली लिहिलं, तोवर पुण्याकडे नवी मुलं येणं जवळजवळ थांबत आलं होतं. आज बालरोगाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी ही धारदार कड बोटाला कधी अनुभवलेलीच नसते. यकृताची चिंता माझ्याही डोक्यातून गेली.

कारण आमचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता म्हणजे खाली घसरणारं मूल पकडायचं साधन. मेळघाटातल्या मुलांच्या बातम्या आल्या की वरून परिपत्रक यायचं आणि आम्ही पुन्हा खालची रेष बघायचो. वरच्या रेषेपलीकडे गेलेलं मूल म्हणजे आमचं यश. आरोग्य केंद्रात सुदृढ बालक स्पर्धा भरे. गुण लसीकरणाला, स्वच्छतेला, सगळ्याला. बक्षीस मात्र मांड्यांना वळ्या पडलेल्या बाळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे असे. बाळसं म्हटल्यावर कुणाला आनंद होत नाही?

त्याच केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक वेगळंच काही मोजत होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार बायकांचा अभ्यास त्यांनी सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. काट्यावर हडकुळं, आतून चरबीचं. २००४ साली याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट'ने छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मी हे वाचलं तेव्हा स्पर्धेतल्या वळ्या आठवल्या नाहीत, हुकाचा काटा आठवला. तो काटा एवढंच सांगायचा की किती; काय, ते नाही.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या माणसांच्या यकृतात दारूसारखीच नासधूस दाखवली होती. आणि १९८३ साली, म्हणजे ज्या वर्षी पुण्याच्या पितळेवरचा लेख आला त्याच वर्षी, अमेरिकेत तीन लठ्ठ मुलांत तोच प्रकार नोंदवला गेला. चरबीने सुजलेलं यकृत, थेंबभर दारू न पिता. पुन्हा तेच आश्चर्य, फक्त या वेळी तांब्याच्या जागी साखर. शीतपेयातल्या, बिस्किटातल्या साखरेचा फ्रुक्टोज हा भाग थेट यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. भारतातल्या अभ्यासांचं २०२२ साली एकत्र गणित मांडलं गेलं, तेव्हा लठ्ठ मुलांपैकी ६० टक्क्यांहून जास्त मुलांच्या यकृतात चरबी आढळली. लठ्ठ नसलेल्यांतही ती होती, कमी प्रमाणात.

या नव्या दुखण्यापुढे माझी बोटं निकामी आहेत. पोटावर थर, यकृत मऊ, कड लागत नाही. मूल रडत नाही, पिवळं पडत नाही, दुखत नाही. शाळेत जातं, जेवतं, हसतं. शोधायचं तर जाऊन शोधावं लागतं. २०१७ साली उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की लठ्ठ मुलांची नवव्या ते अकराव्या वर्षी एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करा. गंमत पुढे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांच्या कागदावर या तपासणीपुढे 'नॉर्मल ४०पर्यंत' असं काहीतरी छापलेलं असतं. ती मर्यादा मोठ्यांची. मुलग्यांसाठी ती २६ आणि मुलींसाठी २२. म्हणजे ३५ आकडा आलेल्या मुलीची आई 'नॉर्मल' वाचून सुखाने घरी जाते. सोनोग्राफीही पुरेशी नाही, थोडी चरबी तिच्यात निसटते.

लठ्ठ कुणाला म्हणायचं, हेही आपलं वेगळं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे तक्ते पुण्याच्याच वामन खाडिलकरांच्या पुढाकारातले. त्यांतल्या रेषा मोठ्यांच्या बीएमआय २३ आणि २७ला जुळवलेल्या, परदेशी रेषांहून खाली. तक्ता हाताशी नसेल तर मी दोरा वापरते. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्यायचा, दुमडून निम्मा करायचा, तो कमरेभोवती पोचला पाहिजे. पोचला नाही तर दवाखाना.

गेल्या वर्षी पायथ्याच्या एका घरात दोरा पोचला नाही. घरच्यांचं गडकऱ्यांसाठी जेवणाचं हॉटेल आहे: पिठलं-भाकरी, वडापाव, नूडल्स आणि शीतपेयांची खोकी. मुलगा अकरा वर्षांचा, सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर. मानेच्या मागे काळा मखमली पट्टा. आजी दर रविवारी तो वजरीने घासायची. पोरगं मान धूत नाही म्हणून फटकेही द्यायची. तो मळ नाही, शरीरातलं इन्सुलिन वाढल्याची खूण आहे, हे मी दोनदा सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. पुण्यात दाखवलं. एसजीपीटी ५८. तीन महिन्यांनी परत, ६१. मग डॉक्टरांनी तपासण्यांची यादी दिली. चरबी म्हणून सोडून द्यायचं नाही, दुसरं काही लपलंय का ते आधी बघायचं: 'बी' आणि 'सी' कावीळ, थायरॉईड आणि सेरुलोप्लाझ्मिन.

"हे शेवटचं काय, मावशी?" त्याच्या बापाने विचारलं.

"तांबं बघतात," मी म्हटलं. विल्सनचा आजार नावाचं एक वारशाने येणारं दुखणं आहे, त्यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही. सुरुवातीला ते हुबेहूब चरबीच्या यकृतासारखं दिसू शकतं, आणि वेळेवर सापडलं तर औषध आहे. मुलाचा आकडा ठीक आला. तांबं नव्हतं.

औषध दिलं नाही, कारण मुलांच्या या आजाराला खात्रीचं असं औषध अजून नाही. उपाशी ठेवायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. वाढीच्या वयात वजन जागच्या जागी थांबलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ. बापाने एक शहाणपणाचं केलं: मुलाला गल्ल्यावरून उठवलं. खोक्याशेजारी बसून तो दिवसाला किती बाटल्या रिचवायचा, याचा हिशेब गल्ल्यात कधी लागतच नव्हता. आता रविवारी तो चुलत्याबरोबर ताकाचा कॅन घेऊन माचीपर्यंत जातो आणि रिकामा घेऊन उतरतो. आजी नाराज आहे. पोरगं सुकलं म्हणते.

सहा महिन्यांनी एसजीपीटी ३१ आलं. कागदावर छापलेलं, ४०पर्यंत नॉर्मल. बाप पेढे घेऊन दारात. मी पेन काढून ४० खोडलं, शेजारी २६ लिहिलं आणि त्याला पुढच्या तपासणीची तारीख विचारली.